करंडा आणि करडगी

त्या पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या होत्या. दोघंही गावातले मानकरी, दोघांच्याही डोक्याला पागोटी, आणि दोघांनीही त्या झडतीतलं काडीमात्र पाहिलेलं नव्हतं. झडती चालली होती आत, बंद दाराआड. हे दोघं बाहेर ओसरीवर बशीतला चहा फुंकत बसले होते. आत होती ती कडूबाई. पाहिलं ते तिनं, हाताला लागलं ते तिच्या हाताला. आणि त्या कागदावर तिचं नाव नव्हतं, अंगठा नव्हता, ‘एक बाई हजर होती’ एवढंसुद्धा नव्हतं.

गाव सोनपेठच्या अलीकडचं, गोदावरीला धरून. नाव सांगत नाही. सांगितलं तर जमादाराचे नातू भांडायला येतील. मला भांडण नको आहे असं नाही, पण आधी गोष्ट पुरी होऊ द्या.

राज्य निजामाचं. फसली सन तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीस-अडतीसच्या आसपासचा काळ. गावात पोलिसांची चौकी होती. चौकीत एक जमादार, चार जवान, एक मुहर्रीर म्हणजे लिहिणारा कारकून, आणि एक कडूबाई. हजेरीपटावर मात्र जमादार, चार जवान आणि मुहर्रीर एवढेच. कडूबाई खर्चाच्या वहीत ‘झाडलोट’ ह्या सदरात होती. म्हणजे झाडू आणि ती, दोघी एकाच ओळीत.

तिचं माहेर पाथरीकडचं. तिच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं तिचं नाव कडू ठेवलं. यमानं उचलली तरी चव घेऊन थुंकून द्यावी. यमानं थुंकली खरी, पण नवरा गिळला. लिंबाजी ह्याच चौकीत जवान होता. पटकीच्या साथीत दोन दिवसांत गेला. तेव्हाच्या जमादाराला दया आली आणि त्यानं कडूबाईला चौकी झाडायला, सारवायला ठेवून घेतलं. तेव्हापासून चौकीतले सगळे तिला ‘लिंबाजीची’ म्हणायचे. माणूस मेला तरी बायको त्याचीच राहिली.

झडतीचं काम तिच्याकडे कसं आलं, तेही ऐका. एका बाजारच्या दिवशी एका जवानानं चोरीचा माल शोधायला म्हणून एका बाईच्या ओच्याला हात घातला. त्या बाईचा भाऊ शेजारीच विळा घेऊन उभा होता. जवानाचा हात वाचला, दोन बोटं गेली. मग वरून हुकूम आला की इथून पुढं बाईची झडती बाईनंच घ्यावी. बाई कुठून आणायची, हे हुकूम लिहिणाऱ्यानं लिहिलं नव्हतं. नवे जमादार किशनराव ह्यांनी हुकूम वाचला, मिशीवरून हात फिरवला, इकडंतिकडं बघितलं. समोर कडूबाई केर काढत होती.

“ए लिंबाजीची,” किशनराव म्हणाले, “झाडू ठेव अन् हात धू.”

झाली भरती! पट्टा नाही, बिल्ला नाही, काठी नाही. हात धुतले आणि कडूबाई पोलिसात आली. आज पोलिसातल्या बायका संचलनात ताठ चालताना दिसल्या की मला ते धुतलेले हात आठवतात.

गावानं तिला झडतीबाई म्हणायला सुरुवात केली. पाणवठ्यावर बायका घागर सावरून बाजूला व्हायच्या. “हिचा हात लागला म्हंजी अब्रू गेलीच समज,” असं तिच्या पाठीमागं, पण तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायच्या. कडूबाई ऐकून घ्यायची. तिला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण तिनं मनाशी एक ठरवलं होतं: झडती घ्यायचीच आहे ना, मग ती अशी घ्यायची की समोरच्या बाईला घरी जाऊन विहीर जवळ करावीशी वाटू नये.

म्हणून तिनं तिच्यापुरते कायदे केले. थंडीचे दिवस असले की आधी चुलीवर हात शेकून घ्यायचे, गार हात परक्या अंगाला लावायचा नाही. खिडकीला वाकळ टांगायची. समोरच्या बाईला आधी सांगायचं, “माय, आता म्या आंबाडा बगते. आता ओचा बगते. राग धरू नको.” सांगितल्याशिवाय हात पुढं करायचा नाही. नऊवारीच्या निऱ्यांत, चोळीच्या गाठीत, काष्ट्यात बायका काय काय ठेवतात ते तिला हळूहळू कळत गेलं. चोरीचा माल फार क्वचित. बहुतेक वेळा अर्धी सुपारी निघायची, तंबाखूची चिमूट निघायची, लेकराचा पहिला पडलेला दात निघायचा. एकीच्या कनवटीला तर आईच्या घरच्या तुळशीची माती होती. कडूबाई ते सगळं पुन्हा जागच्या जागी बांधून द्यायची आणि बाहेर येऊन सांगायची, “काय न्हाई निघालं.” ह्या तीन शब्दांच्या वर तिला कुणी काही विचारतही नसे. लिहायचं ते पंचांच्या नावानं.

पौष संपत आला होता. गुरुवारचा दिवस. दिनकरराव म्हणजे गावातले कापसाचे बडे व्यापारी. त्यांच्या बायकोचा चांदीचा करंडा, कुंकवाचा, माहेरून आलेला, दोन दिवसांपासून सापडत नव्हता. दिनकररावांनी चौकीत येऊन वर्दी दिली आणि वर नावही देऊन गेले: महानंदा. का? तर ती त्यांच्याकडे डाळी निवडायला, शेवया करायला यायची. घरात येणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यांत गरीब तीच. आपल्याकडे चोर शोधायची ही रीत जुनी आहे आणि ती चालवायला कुठलं राज्य लागत नाही.

महानंदा महालिंगची बायको. लिंगायत वाणी. नावाला वाणी, दुकान म्हणजे महालिंगच्या पाठीवरचं गाठोडं. हळद, मिरे, जिरं घेऊन तो आठवडी बाजार करत हिंडायचा, आणि त्या दिवशीही तो बाहेरगावीच होता. जवान दारात गेले तेव्हा महानंदा अंघोळ करून ओल्या केसांनी पूजेला बसायच्या बेतात होती. पूजा होऊ द्या म्हणाली. जवान म्हणाले, “चौकीत करा.”

हे इथं नीट लक्षात घ्या. ह्या लोकांचा देव देव्हाऱ्यात नसतो, गळ्यात असतो. जन्मल्यावर गुरूनं दिलेलं लिंग, अंड्याएवढ्या चांदीच्या डबीत, दोऱ्यानं गळ्यात बांधलेलं. ते अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, आणि ती झाल्याशिवाय पाण्याचा थेंबही घशाखाली उतरवायचा नाही. त्या चांदीच्या डबीला ते करडगी म्हणतात.

कडूबाईनं हात शेकले, वाकळ टांगली, दार लावलं. आंबाडा पाहिला, ओचा पाहिला. मग म्हणाली, “आता गळ्यातलं बगते, माय.”

महानंदानं दोन्ही हातांनी छाती धरली. “मावशी, तिला हात नका लावू. करडगी हाय. माझा देव हाय त्यो.”

कडूबाईचा हात जागीच थांबला. तिला माहीत होतं. ह्या मुलखात कुणाला माहीत नसतं? तिनं दार किलकिलं केलं आणि बाहेर सांगितलं, “जमादारसाब, काय न्हाई निघालं. गळ्यात देव हाय तिच्या, त्येवढाच.”

“देव कशाचा हाय?” किशनराव.

“महादेवाचा.”

पंच हसले. किशनराव नाही हसले. “डबी कशाची हाय म्हनतो म्या. चांदीची हाय का न्हाई? तेवढंच सांग.”

आणि कडूबाईनं खरं सांगितलं. “हाय. चांदीची हाय.”

“मग आन इकडं.”

ती म्हणाली, “साब, ते अंगावेगळं करत न्हाईत.” किशनराव म्हणाले, “तू काडतीस का म्या आत येऊ?”

आता तुम्हीच सांगा तिनं काय करायचं होतं. दाराच्या अलीकडं ओल्या केसांची एक बाई थरथरत होती, पलीकडं किशनराव चपला काढत होते. कडूबाईनं तो दोरा स्वतःच्या हातानं काढला. काढताना डोळे मिटून घेतले. महानंदा ओरडली नाही. ती फक्त म्हणाली, “मावशी, तुमी?” आणि भिंतीला टेकून खाली बसली.

किशनरावांनी करडगी उघडूनसुद्धा बघितली नाही. फडक्यात बांधली, गाठीवर लाख ओतली, शिक्का मारला. मुद्देमाल झाला. मग मुहर्रीर आले, म्हातारे, मान हलत असलेले, माणूस वाईट नव्हता. आयुष्य उर्दूत लिहिण्यात गेलेलं. जबानी घ्यायला बसले.

“ये करंडा किसका है?”

महानंदानं ऐकलं ते ‘करडगी’. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. “करडगी माझीच हाय. माज्याच गळ्यात होती.”

मुहर्रीरांनी ऐकलं ते ‘करंडा’, कारण सकाळपासून चौकीत तोच शब्द घुमत होता. त्यांनी लिहिलं: करंडा माझ्याच जवळून निघाला. उर्दूत वाचून दाखवलं. महानंदाला त्यातलं ‘मेरे पास’ तेवढं कळलं, आणि ते खरंच होतं. तिनं मान हलवली. डाव्या हाताचा अंगठा घेतला. पंचांनी सह्या ठोकल्या. कडूबाई तेव्हा आत वाकळ उतरवत होती. तिला बाहेर कुणी बोलावलंच नाही.

दुसरा दिवस शुक्रवार. निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची, मुन्सिफाची म्हणजे न्यायाधीशाची कचेरी बंद. म्हणजे शनिवारपर्यंत महानंदा कोठडीत. बाई कैदी असली की राखायलाही बाईच लागते, म्हणून कडूबाई कोठडीच्या उंबऱ्याशी.

महानंदानं भाकरीला हात लावला नाही. पाण्याला लावला नाही. ओठाला चिरा पडल्या. शुक्रवारी दुपारी कडूबाईनं तांब्या तिच्या तोंडाशी नेला तेव्हा तिनं तोंड फिरवलं.

“माय, पानी तर पी. देवाला कळत न्हाई का?”

“त्याला कळतंय,” महानंदा म्हणाली. “मलाच पेववत न्हाई.”

खबर मिळाली तसा महालिंग धावत आला, येताना त्यांच्या मठातल्या स्वामींचा निरोप घेऊन आला. लिंग हरवलं, तुटलं तर गुरूला दुसरं देता येतं, ते बांधून घे आणि अन्नपाणी घे, असा निरोप. महालिंग गजाला धरून हे सांगताना रडत होता. महानंदानं सगळं ऐकून घेतलं.

“हरवलं असतं तर घेतलं असतं दुसरं,” ती म्हणाली. “माजं हरवलं न्हाई. ते बगा, समोरच्या कपाटात हाय. चोरीचा माल म्हणून बसवलंय त्याला. त्याला तथं सोडून म्या दुसरा देव कामून बांधू?”

 कडूबाई उठून किशनरावांकडं गेली. किशनराव जेवून सुपारी कातरत बसले होते.

“साब, ती मरंल.”

“मरत न्हाई कुनी दोन दिसात. एकादशी समजायची.”

“म्या काडली ती डबी. म्या बगितली. त्यो करंडा न्हाई. माझं लिहून घ्या.”

किशनरावांनी तिच्याकडं बघितलं ते झाडूनं बोलायला सुरुवात करावी तसं. “तुजं? तुजं काय म्हनून लिवायचं? पंच हायेत, पंचाच्या सह्या हायेत, तिचा इकरार हाय. तू कोन?”

तू कोण! चोरीची चांदी शोधायला हिचे हात सरकारला चालतात, आणि त्या हातांना काय दिसलं ते सांगायला हिचं तोंड चालत नाही. ही कुठली रीत? आंधळ्यांनी सह्या करायच्या आणि डोळसानं केर काढायचा! मला तर हे लिहितानासुद्धा हात आवरत नाहीत, मग तिचं काय झालं असेल? कडूबाईनं तिथली सुपारीची टरफलं झाडली आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली. इकरार म्हणजे कबुली, एवढंच तिला कळलं. महानंदानं कशाला बरं होकार दिला असेल, एवढाच किडा तिच्या डोक्यात वळवळत राहिला.

शनिवारी सकाळी बैलगाडी निघाली. गाडीत महानंदा, शेजारी कडूबाई, पुढं किशनराव आणि मुहर्रीर, मागून चालत महालिंग. पंच आणि दिनकरराव त्यांच्या दमणीतून. तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत दुपार झाली. महानंदाची मान कडूबाईच्या खांद्यावर पडली होती. तिला ती तिथं ठेवायची नव्हती. सावरायचं बळ उरलं नव्हतं, म्हणून होती.

मुन्सिफ तरुण होते, शेरवानी घातलेले, हैदराबादेहून नवेच आलेले. कागद भराभर वाचत होते. दिनकररावांना विचारलं, हा तुमचाच करंडा? लाखेनं बंद केलेल्या फडक्याच्या गाठोडीकडं बघून दिनकरराव म्हणाले, “जी, हाच.” आतलं दिसत नव्हतं, तरी ओळखला! खरं तर स्वतःच्या बायकोचा करंडा त्यांनी उभ्या जन्मात कधी हातात धरला नसेल. मग पंचांना विचारलं, तुमच्यासमोर निघाला? दोघं म्हणाले, “जी.”

मग मुन्सिफ महानंदाकडं वळले. “आणि तू कबूल केलंयस. करंडा तुझ्याजवळून निघाला. जबानीत आहे. खरं?”

महानंदाला उभं राहवत नव्हतं. डोळे अर्धे मिटलेले. तिनं पुन्हा मान हलवायला सुरुवात केली, आणि त्या क्षणाला कडूबाईच्या डोक्यातला किडा एकदम बाहेर पडला.

“करंडा न्हाई सरकार!” ती दारातून ओरडली. “करडगी! ती करडगी म्हनाली!”

 किशनराव दात ओठ खात म्हणाले, “गप, लिंबाजीची.”

मुन्सिफांनी विचारलं, “कोण आहे ही?”

“झाडूवाली, हुजूर.”

“म्या झडती घेतली,” कडूबाई पुढं येत म्हणाली. आवाज खणखणीत होता. “ह्या दोगांनी न्हाई, म्या. हे भाईर चहा पेत व्हते, इचारा त्यास्नी. हिच्या गळ्यातून म्या काडली ती, ह्या हातानं. पाप केलं. पन करंडा न्हाई त्यो.”

मुन्सिफ गोंधळले. “करंडा, करडगी... एकच ना? चांदीची डबी.”

“एक कसं आसंल सरकार? करंड्यात कुंकू आसतं. करडगीत देव आसतो.”

मुन्सिफांनी पंचांकडं बघितलं. एक पंच पागोटं सावरायला लागला. दुसरा म्हणाला, “हुजूर, बायामानसाची झडती... आमी आत कसं जानार? जमादार म्हनले सही करा, आमी केली.”

“मग तुम्ही पाहिलं काय?”

“दार,” तो म्हणाला. खरंच म्हणाला! त्या दिवसातलं त्या माणसाच्या तोंडून निघालेलं ते एकच खरं.

मुन्सिफांनी गाठोडी उघडायचा हुकूम दिला. किशनरावांनी लाख फोडली आणि डबीला बोट लावणार, तोच कडूबाई मध्ये आली. “त्यात हात घालू नका. तिचं तिला उघडू द्या. चोरीची आसंल तर कुंकू सांडंल.”

मुन्सिफांनी मान हलवली. महालिंगनं बाहेरून तांब्या आणला. महानंदानं हात धुतले, करडगी घेतली आणि उघडली. टेबलावर सांडलं ते पांढरं भस्म. कुंकवाचा कण नाही, सांध्याच्या फटीतसुद्धा तांबूस रेघ नाही. आतलं काळंभोर लिंग तिनं डाव्या तळहातावर घेतलं आणि तिथंच, मुन्सिफाच्या कचेरीत, मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, पण अंगात पाणीच उरलं नव्हतं.

म्हातारे मुहर्रीर पुढं आले आणि जबानीचा कागद डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ तो एक शब्द बघत राहिले. “गलती मेरी है, हुजूर,” ते म्हणाले. चूक कबूल करणारा त्या खोलीत तो एकटा पुरुष.

बाई सुटली. मुन्सिफांनी दोन ओळींचा निकाल लिहिला: अदालतीनं स्वतः पाहणी केली, माल वेगळा निघाला, सबब सोडण्यात यावं. पाहणी अदालतीनं केली! पंचांना काही नाही. किशनरावांना दोन कडक शब्द, तेही उर्दूत, तेही हळू आवाजात.

“सरकार,” कडूबाई म्हणाली, “त्यात माजं बी लिवा. माजा आंगठा घ्या.”

“बाई, मुकदमा संपला. तुझं नाव ह्या कागदात कुठंच नाही, अंगठा कशाखाली घेऊ?”

“तेच तर म्हनायले म्या. कुटंच न्हाई.”

मुन्सिफ पुढच्या कागदाकडं वळले होते. हुजऱ्यानं तिला बाहेर काढलं.

अंगणात लिंबाखाली महानंदाची पूजा झाली. दोन दिवस आणि वर अर्ध्या दिवसानं तिनं पाण्याचा घोट घेतला. कडूबाई लांब कचेरीच्या भिंतीशी उभी होती. महानंदानं तिच्याकडं बघितलं.

“मावशी, तुमी बोललात म्हून सुटले,” ती म्हणाली. “पन काडली बी तुमीच. मला दोनी इसरता येत न्हाईत.”

 कडूबाई गाडीत न बसता चालत गावाकडं निघाली.

सोमवारी किशनरावांनी तिला हाकलून दिलं. मग दुसरी बाई शोधायला लागले. पाच घरं हिंडले. पाचही घरांतून दार लावून घेतल्याचा आवाज आला. महिनाभरानं जवानाला धाडून कडूबाईलाच परत बोलावलं. ती आली. का आली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं असतं. ती नसती तर किशनराव चपला काढून आत गेले असते, म्हणून आली.

आणि हो, करंडा सापडला. चैत्रातल्या हळदीकुंकवाला दिनकररावांच्या बायकोनं तोच करंडा बायकांपुढं धरला. जुन्या पितळी डब्यात, डाळीखाली होता म्हणे. गावभर बायकांनी पाहिला. चौकीत येऊन सांगायला मात्र कुणाला सवड झाली नाही. महानंदानं त्या घरी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि ती कामाला का येत नाही ह्याचं दिनकररावांना नवल वाटत राहिलं.

वैशाखात बायनाबाई नावाच्या एका म्हातारीला धरून आणलं. कुणाचा तरी तोडा गेला होता. पंच ओसरीवर बसले, तेच दोघं, चहा घेऊन. कडूबाईनं वाकळ टांगली, दार लावलं, सांगून सांगून झडती घेतली. मग दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली.

“काय निघालं?” किशनराव.

कडूबाई बोलली नाही.

“आगं, काय निघालं?”

“आदी माजं नाव लिवा,” ती म्हणाली. “आंगठा घ्या. मग सांगते.”

“माजली का काय ही?”

“मग तुमी सांगा काय निघालं. न्हाईतर पंचास्नी इचारा. त्येंनी दार बगितलंय.”

किशनराव लालबुंद झाले. ओसरीवर एका पंचाच्या हातातली बशी कलंडली. म्हाताऱ्या मुहर्रीरांनी किशनरावांकडं बघितलं नाही. त्यांनी दौत उघडली, टाक बुडवला, आणि पंचांच्या नावांच्याही वर, कागदाच्या अगदी पहिल्या ओळीवर हात ठेवला.

“बोलो बाई. नाम?”

“कडूबाई.”

त्यांनी लिहिलं. मग सवयीनं विचारलं, “जौजे? किसकी औरत? लिंबाजी लिखूं?”

“नगं,” कडूबाई म्हणाली. “त्यो मरून नऊ वर्सं झाली. झडती म्या घेतली, त्यानं न्हाई. नुसतं कडूबाई लिवा.”